प्रस्तावना : एक अक्षर, एक प्रथिन आणि सारे शरीर

आश्रमशाळेतल्या तपासणी शिबिरात सिकलसेलची पहिली चाचणी अशी होते : मुलाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि काचेच्या छोट्या नळीतल्या द्रावणात सोडतात. द्रावणातले एक रसायन तांबड्या पेशींची आवरणे फोडते, दुसरे हिमोग्लोबिनकडचा प्राणवायू काढून घेते. काही मिनिटे थांबून नळी रेघा मारलेल्या कागदापुढे धरायची. पलीकडच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजीचे कारण नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर त्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यातल्या आरोग्यसेवकांच्या तोंडी ‘सोल्युबिलिटी’ हा शब्द आता रुळलेला आहे. चाचणीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पण ती नळी गढूळ का झाली, हे सांगायला बसले की मानवी शरीराच्या अभ्यासाचा निम्मा इतिहास सांगावा लागतो. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत मी त्या नळीपाशीच करतो आहे.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचना एका विभागात शिकवतात, जीवरसायन दुसऱ्या विभागात, आणि जनुकशास्त्र आणखी तिसरीकडे भेटते. त्यातून विद्यार्थ्यांच्या मनात एक उतरंड तयार होते. शरीररचना म्हणजे पाठांतराचा, शोधून संपलेला विषय. जनुके म्हणजे खरे नवे विज्ञान. प्रथिने कुठेतरी मधल्या पायरीवर. ही उतरंड मला मान्य नाही. जनुक वाचून काय बदलले ते कळते. त्या बदलाने काय बिघडते, ते प्रथिनाचा आकार पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि माणसाला नेमके कुठे दुखेल, कोणत्या वयात दुखेल, हे सांगायला शेवटी शरीराची रचनाच माहीत असावी लागते. तिन्हींपैकी एकही सुटले तर रुग्ण समजत नाही. सिकलसेलइतके हे स्पष्ट करून दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

१९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तो कृष्णवर्णीय तरुण खोकला, अशक्तपणा आणि पायांवरच्या जखमा घेऊन रुग्णालयात आला होता. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांना गोल पेशींमध्ये काही विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे हा ‘पेशीचा आजार’ राहिला. मग १९४९ मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवून पाहिले. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली. वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र मिळाले. आजाराचे मूळ एका रेणूत असू शकते, हे त्या दिवसापासून शब्दशः खरे ठरले. सोल्युबिलिटीत गढूळ निघालेला नमुना आजही पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवतात, कारण मूल ‘एएस’ म्हणजे वाहक आहे की ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, हे गढूळपणावरून कळत नाही. ती चाचणी म्हणजे पॉलिंग-इटानोंच्या प्रयोगाचीच पुढची पिढी.

दोन हिमोग्लोबिनांत फरक आहे हे कळले, पण कोणता? केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी हे कोडे ज्या साधेपणाने सोडवले, ते वाचताना मला अजून आनंद होतो. हिमोग्लोबिनचा पूर्ण रेणू म्हणजे ५७४ अमिनो आम्ले : १४१ ची अल्फा साखळी दोनदा, १४६ ची बीटा साखळी दोनदा. तो आख्खा वाचण्याची सोय तेव्हा नव्हती. इन्ग्रमनी ट्रिप्सिन या पाचक द्रव्याने त्याचे तुकडे केले, ते गाळणकागदावर एका दिशेने विजेच्या जोरावर आणि आडव्या दिशेने द्रावकाच्या ओघाने पसरवले, आणि कागदावर सुमारे तीस ठिपके उमटवले. निरोगी रक्ताचा कागद आणि रुग्णाच्या रक्ताचा कागद शेजारी ठेवले, तर बाकी सगळे ठिपके जागच्या जागी, एकच हललेला. तो तुकडा १९५७ पर्यंत वाचून झाला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन होते, बाकी सगळे तसेच. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, व्हॅलीनवर नसतो. पॉलिंगना दिसलेला वेगातला फरक तिथून आला होता. पुढे जनुकाची भाषा उलगडली तेव्हा कळले की अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन जनुकात एकच अक्षर बदललेले असते, ‘ए’च्या जागी ‘टी’. माणसाच्या जनुकसंचात अशी सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत.

लोकप्रिय लेखन बहुतेक वेळा इथे थांबते. एक अक्षर बदलले, आजार झाला. मला वाटते, समजून घेण्याजोगा भाग इथून पुढे सुरू होतो.

मॅक्स पेरुट्झ यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकायला सुरुवात केली, आणि रेणूची आकृती हाती यायला १९५९ उजाडले. तीन वर्षांनी जॉन केंड्र्यू यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळाले. त्या आकृतीमुळे दिसले की चार साखळ्या एकमेकींत गुंतून बसतात आणि प्राणवायू घेताना-सोडताना त्यांची बैठक बदलते. सहाव्या जागेवरचे व्हॅलीन रेणूच्या बाहेरच्या अंगाला येते. व्हॅलीनला पाण्याचे वावडे. प्राणवायू सोडल्यावर शेजारच्या रेणूवर एक खाच उघडते आणि हे व्हॅलीन तिच्यात जाऊन बसते. मग त्याला तिसरा रेणू, चौथा रेणू, असे करत लांबच लांब ताठ तंतू तयार होतात आणि पेशीला आतून ताणतात. सुटा सुटा पाहिला तर सिकल हिमोग्लोबिनचा रेणू निरोगी रेणूपासून जवळजवळ वेगळा दिसत नाही. दोष त्याच्या शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधात आहे.

तंतू लगेच तयार होत नाहीत. प्राणवायू सुटल्यानंतर मध्ये थोडा अवधी जातो, आणि पेशीत हिमोग्लोबिन जितके दाट, तितका तो अवधी कमी. हे नाते विलक्षण तीव्र आहे : सांद्रतेच्या साधारण तिसाव्या घाताने अवधी बदलतो. पेशीतले पाणी किंचित घटले तरी तो झपाट्याने आखडतो. आता हे शरीरात बसवून पाहा. सात-आठ मायक्रॉनांची तांबडी पेशी तिच्याहूनही अरुंद असू शकणाऱ्या केशवाहिनीतून अंग दुमडून साधारण सेकंदाभरात पार होते. तेवढ्यात तंतू बनले नाहीत तर ती फुप्फुसात परतते, प्राणवायू घेते आणि रेणू पुन्हा सुटे होतात. म्हणजे रुग्णाच्या प्रत्येक पेशीत दोष आहे, तरी बहुतेक पेशी बहुतेक वेळा निभावून नेतात. सिकलसेलच्या मुलाला डॉक्टर ‘पाणी भरपूर पी, तापलेल्या उन्हात खेळू नको’ असे बजावतात, त्या सल्ल्याच्या मुळाशी हा घातांक आहे.

मग आजार दिसतो कुठे? जिथे रक्त रेंगाळते तिथे, आणि जिथे एक वाट बंद झाली तर दुसरी नसते तिथे. पाणथरीत रक्त जाळीतून संथपणे गाळले जाते आणि तिथे प्राणवायूही कमी. म्हणून ती लहानपणीच सुजते, आणि आफ्रिकी वंशाच्या अनेक रुग्णांत पुढे खंगून नाहीशी होते. मूत्रपिंडाचा आतला भाग खारट आणि प्राणवायूला पारखा. म्हणून लघवी दाट करण्याची शक्ती जाते आणि मूल रात्री पुन्हा पुन्हा उठते. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत बसतो. त्याला रक्त मुख्यतः हाडाच्या मानेवरून वर चढणाऱ्या बारीक रोहिण्यांतून मिळते. त्या तुंबल्या तर पर्यायी पुरवठा फार तुटपुंजा. माथा रक्तावाचून मरतो, खचतो, आणि विशीतला मुलगा लंगडू लागतो. त्या मुलाचे जनुक कितीही वेळा वाचले तरी खुब्याचा पत्ता त्यात सापडणार नाही. तो शवविच्छेदनाच्या टेबलावर, त्या रोहिण्या चिमट्याने सोडवत बसलेल्या विद्यार्थ्याला सापडतो. शरीररचना हा संपलेला विषय आहे असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच.

आणखी एक गोष्ट नवख्या वाचकाला चकित करते. माणसाच्या प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रकच नसते, म्हणजे जिचा आकार बिघडतो त्या पेशीत ते जनुक नाही. ते मज्जेतल्या तिच्या पूर्वज पेशींत होते. उलट यकृताच्या, त्वचेच्या, मेंदूच्या पेशींत ते आहे, पण मुके. कोणते जनुक कुठे आणि केव्हा बोलेल याचे नियम हा आजच्या संशोधनाचा गाभा आहे. गर्भात असताना आपण बीटाऐवजी गॅमा साखळीचे हिमोग्लोबिन वापरतो. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचे जनुक मिटते आणि बीटाचे उघडते. म्हणून सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने ठणठणीत असते आणि नंतर एक दिवस त्याचे तळहात-तळपाय सुजतात. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मोठेपणीही जास्त राहते, त्यामुळे त्यांचा आजार सरासरीने सौम्य असतो. पण सरासरीवर विसंबून राहू नये. विदर्भातल्या डॉक्टरांनी याच भागात गंभीर आजाराची कितीतरी मुले पाहिली आहेत.

गॅमाचे जनुक मिटवणारे एक प्रथिन आहे, बीसीएल-११-ए. रुग्णाच्या मज्जापेशी बाहेर काढून, क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने तांबड्या पेशींपुरते त्याचे काम बंद पाडून त्या परत देण्याच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मान्यता मिळाली. गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होते आणि वेदनेचे झटके थांबतात. विज्ञान म्हणून हे अद्भुत आहे. पण अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली आणि त्याआधी मज्जा रिकामी करणारी कडक औषधे घ्यावी लागतात. हायड्रॉक्सियुरिया ही स्वस्त कॅप्सूलही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते. धडगावच्या किंवा एटापल्लीच्या मुलापर्यंत ती दर महिन्याला न चुकता पोचणे, हे मी क्रिस्परइतकेच महत्त्वाचे वैज्ञानिक काम मानतो. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत सिकलसेलसाठी आयुष्य वेचले. त्यांचे काम या विषयाच्या इतिहासात केंब्रिजच्या बरोबरीने सांगितले पाहिजे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य आहे.

इतके घातक जनुक टिकले का, या प्रश्नाचे उत्तर शरीराबाहेर, डासांच्या पाणथळ प्रदेशात सापडले. १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दल असा तर्क मांडला की वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत त्याचे पुरावे दिले. भारतात हे जनुक १९५२ मध्ये नोंदले गेले, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. वाहक असणे हा कलंक नाही. वाहक धडधाकट जगतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता चारांत एक असते. ही माहिती लग्नाआधी मिळावी एवढाच तपासणीचा हेतू, आणि ती माहिती गावात कुणाची बदनामी करायला वापरली जाऊ नये, ही संशोधकाचीही जबाबदारी आहे.

१९५२ हे साल मराठी वाचकाने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की जे ‘ओ’ गटासारखे वाटे, पण त्याचा रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी. ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या या शोधाने जगाला ‘बॉम्बे रक्तगट’ दिला. तांबड्या पेशीवरच्या ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा ‘एच’ नावाच्या शर्करेच्या पायावर रचलेल्या असतात. एकोणिसाव्या गुणसूत्रावरचे एक जनुक जे विकर बनवते, ते हा पाया घालते. दोन्ही प्रती निकामी असतील तर पायाच नाही, मग ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक शाबूत असूनही त्याची खूण उमटत नाही. पुढच्या पिढीत ती पुन्हा उमटू शकते. ‘ओ’ म्हणून नोंद झालेल्या बापाचे मूल ‘एबी’ निघाले म्हणून संशय घेणाऱ्या घरांना हे समजावून सांगणारा कुणीतरी असायला हवा. आणि अशा रुग्णाला रक्त लागले तर फक्त त्याच दुर्मिळ गटाचे चालते, म्हणून दात्यांच्या याद्या जपून ठेवाव्या लागतात.

प्रथिनांच्या आकाराच्या अभ्यासात भारताचा वाटा पाहुण्यासारखा नाही. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये कोलॅजेनची तीन पदरी रचना मांडली. हाड, कातडी, स्नायूबंध यांना ताकद देणारे हे प्रथिन. त्यात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन असावेच लागते, कारण तीन पदरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दुसरे काही मावत नाही. तिथे जनुकातल्या चुकीने मोठे अमिनो आम्ल आले की ठिसूळ हाडांचा आजार होतो. प्रथिनाची साखळी कुठे किती वळू शकते हे दाखवणारा १९६३ चा रामचंद्रन आलेख तर जगातल्या प्रत्येक प्रथिन-संशोधकाच्या रोजच्या वापरात आहे.

यानंतरचा वेग सर्वांना ठाऊक आहे. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, राहिलेल्या फटी २०२२ मध्ये भरल्या गेल्या. प्रथिने बनवणारी जनुके निघाली वीस हजारांच्या आसपास. ‘अल्फाफोल्ड’ या संगणक-प्रणालीने वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या आकारांचे अंदाज खुले केले आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना गेले. पेरुट्झना ज्यासाठी वीसहून अधिक वर्षे लागली, त्या प्रकारचे उत्तर आज विद्यार्थी दुपारच्या चहाआधी पाहतो. या साधनांचा मी चाहता आहे. पण सुट्या रेणूच्या आकृतीवरून सिकलसेल ओळखू आला नसता, हे वर पाहिलेच. गर्दीत, प्राणवायूच्या टंचाईत, वाहत्या रक्तात रेणू कसे वागतात हे अजून प्रयोगानेच शोधावे लागते. दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचणाऱ्या ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती संशोधकांना खुली झाली आहे. ती वाचायला मराठी मुलामुलींची एक पिढी लागेल.

हे सारे ज्ञान माणसांनी दिलेल्या रक्तावर आणि देहांवर उभे आहे. सुश्रुतसंहितेत शव गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवावे आणि मग वाळ्याच्या वा बांबूच्या कुंचल्याने एकेक थर खरवडत पाहावे, असे सांगितले आहे. युरोपात व्हेसेलियस यांनी १५४३ मध्ये स्वतः केलेल्या विच्छेदनाच्या आधारे प्राचीन वैद्य गॅलेनच्या चुका दाखवल्या, कारण गॅलेनने प्राणी चिरले होते. कलकत्त्यात १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्त यांनी रूढी मोडून शवाला शस्त्र लावले. मुंबई प्रांताने शरीररचना कायदा केला तो १९४९ मध्ये. त्याच वर्षी मलेरियाचा तर्क मांडणारे हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले. १९६४ मध्ये भुवनेश्वरला ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. जनुकांचा इतका मोठा अभ्यासक अखेरीस शरीररचनेच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला गेला.

वाचकाला माझी एक विनंती आहे. हे पुस्तक वाचताना रक्ताभिसरणाची आकृती जवळ ठेवा आणि जनुकाचे नाव येईल तिथे थांबून विचारा की याचे प्रथिन शरीरात कुठे काम करते. सिकलसेलच्या पट्ट्यात घर असेल तर स्वतःची तपासणी करून घ्या. आणि देहदानाचा विचार मनात असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागातून अर्ज आणा, पण सही करण्याआधी घरच्यांशी बोला. त्या दिवशी विभागाला फोन त्यांनाच करायचा असतो.